खंडित आरोग्यसेवा आणि अमेरिकेतील माजी सैनिक स्त्रियांचा अभिप्राय

वैद्यकीय सेवेची गुणवत्ता कशी जोखावी, ह्या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी अवेदिस डोनाबेदियन ह्यांनी १९६६ साली केली. संस्थेची रचना, उपचारांची प्रक्रिया आणि रोग्याच्या प्रकृतीवर झालेला परिणाम अशा तीन अंगांनी गुणवत्तेचा विचार करावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील अर्धशतकात ह्या विवेचनाचा मोठा विस्तार झाला. परंतु ज्याच्यावर उपचार होतात त्याला ती सेवा कशी वाटली, ह्या प्रश्नाला त्या विस्तारात बराच काळ दुय्यम स्थान राहिले. रोग्याचे समाधान ही सौजन्याची बाब मानली गेली; तिच्यातून सेवेविषयी काही ज्ञान होऊ शकते, असे फारसे कोणास वाटले नाही. अमेरिकेतील माजी सैनिक स्त्रियांच्या बाबतीत मात्र हा दुय्यम प्रश्नच पुढे मुख्य ठरला. सरकारी रुग्णालयांच्या कामगिरीचे आकडे सुधारत चालले असताही तेथे येणाऱ्या स्त्रियांचा अभिप्राय त्या प्रमाणात सुधारत नव्हता. ह्या विसंगतीचा उलगडा करावयाचा तर रुग्णालयांच्या वार्षिक अहवालांच्या मागे जावे लागते. ह्या स्त्रियांना मिळणारी सेवा निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या कायद्यांनी, तुकड्यातुकड्यांनी जोडली गेली. आणि ते तुकडे एकत्र आणण्याचे काम कोणत्याच कायद्याने कोणाकडे सोपविले नसल्यामुळे ते रोगी स्त्रीच्याच वाट्याला आले.

अमेरिकन कायद्यातील ‘व्हेटरन’ ह्या संज्ञेला मराठीत ‘माजी सैनिक’ हा शब्द रूढ आहे. शब्दशः पाहता त्यात स्त्रीला वगळलेले नाही. तथापि तो उच्चारताच मनात जी आकृती उभी राहते ती पुरुषाचीच असते, आणि युद्धाच्या संदर्भात स्त्रीचे स्मरण आपल्याकडेही वीरपत्नी वा वीरमाता म्हणून होते. अमेरिकेतील स्थिती फारशी निराळी नव्हती. लिंकन ह्यांनी ४ मार्च १८६५ रोजी केलेल्या दुसऱ्या अधिग्रहण-भाषणातील एक वाक्य १९५९ साली माजी सैनिक प्रशासनाने आपले बोधवाक्य म्हणून स्वीकारले. त्या वाक्यात लढणारा ‘तो’ आहे आणि स्त्री आहे ती त्याची विधवा म्हणून. हे बोधवाक्य बदलून उभयलिंगी करण्यास २०२३ चा मार्च उजाडावा लागला. बोधवाक्याने कोणाचा ताप उतरत नाही, हे खरे. पण ज्या संस्थेने स्वतःच्या कर्तव्याची व्याख्या अशा वाक्याने केली, तिच्या इमारतीही त्याच समजुतीने बांधल्या गेल्या होत्या.

सैनिक स्त्री आणि लष्करी वैद्य ह्यांचा संबंध अमेरिकेत आरंभापासूनच लपवालपवीचा होता. डेबोरा सॅम्प्सन ही मॅसॅच्युसेट्सची स्त्री १७८२ साली रॉबर्ट शर्टलिफ ह्या नावाने, पुरुषवेषात, क्रांतियुद्धातील सैन्यात भरती झाली. जखमी झाल्यावर वैद्याने तपासले तर आपले गुपित फुटेल ह्या भीतीने मांडीतील गोळी तिने स्वतःच काढण्याचा प्रयत्न केला, अशी परंपरागत कथा आहे. पुढे फिलाडेल्फियात ती तापाने आजारी पडली तेव्हा वैद्यालाच खरा प्रकार कळला. १८०५ साली तिला संघराज्याचे निवृत्तिवेतन मिळू लागले. तिच्या मृत्यूनंतर पतीने सैनिकाचा हयात जोडीदार म्हणून वेतन मागितले, तेव्हा एक विलक्षण पेच उभा राहिला: कायद्यात सैनिकाच्या विधवेची तरतूद होती, विधुराची नव्हती. अखेर १८३८ साली, तोही मरण पावल्यावर, काँग्रेसला तिच्या वारसांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. स्त्री समोर आली की सर्वसाधारण नियम बाजूस ठेवून तिच्यासाठी वेगळी पुरवणी जोडावयाची, ही रीत येथूनच दिसू लागते.

पहिल्या महायुद्धात तिला अधिक स्पष्ट रूप आले. नौदलाने अकरा हजारांहून अधिक स्त्रियांना कारकुनी व तत्सम कामांसाठी रीतसर भरती केले. त्या कायद्याने माजी सैनिक ठरल्या. भूसेनेच्या परिचारिका गणवेशात होत्या, पण त्यांना हुद्दा नव्हता. १९२० साली तो केवळ ‘सापेक्ष’ स्वरूपात देण्यात आला. फ्रान्समध्ये दूरध्वनी-केंद्रे चालविण्यास गेलेल्या दोनशेहून अधिक स्त्रियांनी लष्करी शपथ घेतली होती, लष्करी शिस्त पाळली होती; परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले की, त्या सैनिक नव्हत्याच, कंत्राटी नोकर होत्या. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा १९७७ च्या कायद्याने मिळाला, म्हणजे साठ वर्षांनी, आणि तोपर्यंत त्यांतील बहुतेक हयात नव्हत्या. एकाच युद्धातून परतलेल्या तीन स्त्रियांचे रुग्णालयावरील हक्क असे तीन प्रकारचे होते.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे साडेतीन लाख स्त्रियांनी गणवेश चढविला, तेव्हाही हीच कथा मोठ्या प्रमाणावर घडली. १९४२ मध्ये निर्माण झालेले स्त्रियांचे दल सेनेचे ‘साहाय्यक’ होते, घटक नव्हते. १९४३ मध्ये ते सेनेत सामील झाले. लढाऊ विमाने कारखान्यांतून तळांवर पोहोचविणाऱ्या हजाराहून अधिक स्त्री-वैमानिक मात्र नागरी नोकर मानल्या गेल्या. त्यांपैकी अडतीस जणी सेवेत असता मृत्यू पावल्या. हयात असलेल्यांना दर्जा मिळाला तो १९७७ च्या त्याच कायद्याने. १९४८ च्या कायद्याने स्त्रियांना सैन्यात कायम स्थान दिले खरे, पण त्यांच्या संख्येवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली, आणि ती १९६७ पर्यंत टिकली. १९५१ च्या अध्यक्षीय आदेशान्वये गर्भवती झालेल्या किंवा लहान मुलांची जबाबदारी असलेल्या स्त्रीला सेवेतून काढता येत असे. हे धोरण सत्तरीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होते. मातृत्व आणि सैनिकत्व ही एकमेकांस वर्ज्य मानली गेली असताना माजी सैनिकांच्या रुग्णालयांत प्रसूतिकक्ष असण्याचे कारणच उरले नाही. आज ह्या रुग्णालयांतून प्रसूतीसाठी स्त्रीला बाहेर पाठवितात, ते ह्या जुन्या अनुपस्थितीचेच फलित होय.

ह्याच सुमारास दुसरी एक घटना घडली, जिचा स्त्रियांशी वरकरणी काहीच संबंध दिसत नाही. १९३० मध्ये स्थापन झालेल्या माजी सैनिक प्रशासनाची वैद्यकीय शाखा युद्धानंतर पार ढासळली होती. जनरल ओमर ब्रॅडली आणि डॉ. पॉल हॉली ह्यांनी १९४६ मध्ये तिची पुनर्रचना केली आणि रुग्णालयांची वैद्यकीय महाविद्यालयांशी सांगड घातली. ही सुधारणा अत्यंत हितकारक ठरली. अमेरिकन डॉक्टरांच्या पुढील पिढ्यांचे शिक्षण मोठ्या प्रमाणावर ह्याच रुग्णालयांत झाले. परंतु तेथील खाटांवर जवळजवळ सर्वत्र पुरुषच होते. अंतर्वैद्यकाचा विद्यार्थी तेथे वर्षानुवर्षे हृदय, फुप्फुस व यकृत शिकत होता, पण स्त्रीरोग्याची तपासणी करण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येई. संख्या अल्प म्हणून अनुभव अल्प, अनुभव अल्प म्हणून डॉक्टर बिचकणार, आणि तो बिचकला की स्त्रीला दुसऱ्या दालनात धाडणार, अशी ही साखळी होती. खंडित सेवेचे मूळ बहुधा कोणाच्या वैरभावात शोधले जाते. इतिहास पाहता ते ह्या साध्या गणितात अधिक सापडते.

१९७३ मध्ये सक्तीची भरती संपली आणि स्वयंसेवी सैन्याला स्त्रियांची गरज भासू लागली. मात्र देशात माजी सैनिक स्त्रिया आहेत तरी किती, हे कोणास ठाऊक नव्हते. १९८० च्या जनगणनेत स्त्रियांना प्रथमच लष्करी सेवेविषयी विचारण्यात आले, आणि सुमारे बारा लाख स्त्रियांनी होकारार्थी उत्तर दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९८२ मध्ये, काँग्रेसच्या हिशेब-तपासणी कार्यालयाने माजी सैनिक स्त्रियांच्या सवलतींविषयी अहवाल प्रसिद्ध केला. भरती होणाऱ्या स्त्रियांची शारीरिक तपासणी पूर्ण होत नाही, स्तन व कटिर ह्यांची तपासणी वगळली जाते, स्त्रीरोगांवरील उपचारांची सोय अपुरी आहे, खाजगीपणा राखला जात नाही, आणि कित्येक स्त्रियांना स्वतःच्या हक्कांची माहितीच दिली जात नाही, असे त्यात नमूद आहे. एका हिशेबनिसाने शरीराच्या कोणत्या भागाची तपासणी झाली नाही ह्याची नोंद करावी, हा प्रकार प्रशासनाच्या इतिहासात विरळा म्हणावा लागेल. १९८३ मध्ये कायद्याने एक सल्लागार समिती नेमली गेली. १९८५ मध्ये प्रशासनाने करविलेल्या देशव्यापी पाहणीत असे दिसले की, निम्म्याहून अधिक स्त्रियांना आपण ह्या सेवेस पात्र आहोत हेच माहीत नव्हते.

येथे अमेरिकन वैद्यकाच्या सर्वसाधारण रचनेकडे वळणे अवश्य आहे. कारण स्त्रीशरीराची विभागणी ही काही माजी सैनिक प्रशासनाने शोधून काढलेली गोष्ट नव्हे. विसाव्या शतकात अमेरिकेत प्रजनन-इंद्रिये स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आणि उरलेले शरीर अंतर्वैद्याकडे, अशी वाटणी स्थिर झाली. बाहेरच्या जगात सधन स्त्री दोन डॉक्टर ठेवून ही अडचण निभावून नेई. कॅरोलिन क्लॅन्सी व चार्ली मॅशन ह्यांनी १९९२ साली एका विख्यात वैद्यकीय नियतकालिकात ह्या व्यवस्थेला ठिगळांच्या, आणि तीही मध्येमध्ये भोके असलेल्या, गोधडीची उपमा दिली. उपमा समर्पक आहे, परंतु मराठी वाचकाला ती किंचित निराळी जाणवेल. आपल्याकडची गोधडी ठिगळांचीच असते आणि तरीही ऊब देते, कारण तिच्यात धावदोरा अखंड असतो. अमेरिकन व्यवस्थेत ठिगळे उत्तम कापडाची होती. दोरा मात्र कोणी घातलाच नव्हता.

माजी सैनिक स्त्रीच्या वाट्याला ह्या वैद्यकीय वाटणीवर आणखी एक कायदेशीर वाटणी आली. १९९६ च्या पात्रता-सुधारणा कायद्यापूर्वी बाह्यरुग्ण-सेवेचा हक्क बहुतांशी लष्करी सेवेमुळे आलेल्या विकाराशी किंवा रुग्णालयात दाखल होण्याची वेळ टळावी ह्या हेतूशी बांधलेला होता. त्यामुळे गुडघ्याची इजा ‘सेवाजन्य’ म्हणून आत आणि गर्भाशयमुखाची प्रतिबंधक चाचणी बाहेर, असे एकाच देहाचे दोन भाग पडत. इराकविरुद्धच्या १९९१ च्या युद्धात सुमारे चाळीस हजार स्त्रिया आघाडीच्या प्रदेशात गेल्या, आणि सैन्यातील लैंगिक अत्याचारांविषयी सेनेटपुढे साक्षी झाल्या. त्यानंतर नोव्हेंबर १९९२ मध्ये झालेल्या कायद्याने अशा अत्याचारपीडित स्त्रियांसाठी समुपदेशनाची आणि स्त्रीविशिष्ट उपचारांची तरतूद केली. लागोपाठ आठ सर्वंकष स्त्री-आरोग्य केंद्रे उघडण्यात आली. १९९४ मध्ये माजी सैनिक स्त्रियांसाठी स्वतंत्र केंद्रीय कचेरी आली. १९९५ मध्ये डॉ. केनेथ कायझर ह्यांनी सारी सेवा बावीस प्रादेशिक जाळ्यांत विभागून प्राथमिक सेवेवर भर दिला. प्रत्येक पाऊल पुढे टाकलेलेच होते. मात्र समुपदेशक एका खात्याचा, स्त्रीरोगतज्ज्ञ दुसऱ्या खात्याचा आणि प्राथमिक वैद्य तिसऱ्या खात्याचा, अशीच घडी ह्या पावलांनी बसत गेली.

कायझर ह्यांच्या सुधारणांनी सेवेचा दर्जा उंचावला, ह्याविषयी दुमत नाही. २००४ साली स्टीव्हन ॲश व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास ह्या यशाचा मुख्य पुरावा म्हणून वारंवार पुढे केला जातो. शिफारस केलेल्या उपचारांपैकी माजी सैनिक रुग्णालयांत ६७ टक्के, तर बाहेरच्या नमुन्यात ५१ टक्के उपचार रोग्यांना प्रत्यक्ष मिळतात, असा त्याचा निष्कर्ष होता. परंतु त्या तुलनेत घेतलेले सर्व रोगी पस्तिशी उलटलेले पुरुष होते. नमुन्यात स्त्रिया फार थोड्या येतात म्हणून त्या वगळणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने समर्थनीय असेल. पण मग त्या आकड्यांनी स्त्रियांच्या सेवेविषयी काही सिद्ध होत नाही, हेही मान्य करावयास हवे. अर्थात स्त्रियांपुरत्या स्वतंत्र मोजमापांतही चित्र निराशाजनक नव्हते: स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्रतिबंधक चाचण्यांचे प्रमाण ह्या रुग्णालयांत खाजगी विमायोजनांच्या तुलनेत चांगलेच होते. चाचणी होत होती. तरीही ज्या स्त्रीची चाचणी झाली ती असमाधानी का, हा प्रश्न राहतोच.

ह्याचे उत्तर चाचणीच्या वाटेवर आहे. दोन हजारच्या दशकात एखाद्या स्त्रीचा रक्तदाब पाहण्याचा दिवस आणि पॅप चाचणीचा दिवस निराळा असे. डॉक्टर निराळा असे, पुष्कळदा इमारतही निराळी असे. स्त्रीरोगचिकित्सा कित्येक ठिकाणी आठवड्यातील ठराविक वेळीच चाले. नोव्हेंबर २००८ मध्ये प्रशासनाच्या एका कार्यगटाने स्त्रियांच्या प्राथमिक सेवेविषयी अहवाल सादर केला. त्यात असे दिसून आले की, सुमारे दोनतृतीयांश ठिकाणी ही सेवा अनेक भेटींत आणि अनेक डॉक्टरांमध्ये वाटलेली होती. २००८-०९ मध्ये डोना वॉशिंग्टन व सहकाऱ्यांनी केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १९ टक्के माजी सैनिक स्त्रियांनी गेल्या वर्षात उपचार लांबणीवर पडल्याचे किंवा न मिळाल्याचे सांगितले. विमा नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. कारणांत पैशाची अडचण, कामावरून रजा न मिळणे आणि प्रवासाची गैरसोय ही प्रमुख होती. दोन भेटी म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि मूल लहान असेल तर ते दोनदा कोणाकडे तरी ठेवणे. हा खर्च रुग्णालयाच्या कोणत्याही ताळेबंदात येत नाही. तो उमटतो तो फक्त अभिप्रायात.

अभिप्रायाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांना एक विरोधाभास आढळला. बेव्हॅन बीन-मेबरी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, स्त्रियांसाठी असलेल्या स्वतंत्र चिकित्सालयांत जाणाऱ्या स्त्रिया सर्वसाधारण प्राथमिक चिकित्सालयांत जाणाऱ्या स्त्रियांपेक्षा आपल्या सेवेस अत्युत्कृष्ट असा शेरा अधिक प्रमाणात देतात. एलिझाबेथ यानो, वॉशिंग्टन आणि त्यांचे सहकारी ह्यांच्या नंतरच्या संशोधनाचाही कल ह्याच दिशेने आहे. वरवर पाहता स्वतंत्र चिकित्सालय म्हणजे आणखी एक विभागणी. पण प्रत्यक्षात पुरुषांपासून अलग झालेल्या ह्या जागेतच स्त्रीचा देह एकसंध मानला गेला. तेथला वैद्य रक्तदाबही पाहात असे आणि पॅप चाचणीही करीत असे. उलट ज्याला समावेशक म्हणावे अशा सर्वसाधारण चिकित्सालयात ती पुरुषांबरोबर एकाच बाकावर बसे, आणि तिचे अर्धे उपचार मात्र दुसरीकडे होत. एकत्र बसविणे आणि एकत्र पाहणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि विलगीकरणाविरुद्ध लढलेल्या अमेरिकन समाजाला हा भेद मान्य करणे साहजिकच जड गेले. २०१० च्या नियमपुस्तिकेने ह्यावर तोडगा काढला: सर्वसाधारण चिकित्सालय, सामायिक इमारतीतील वेगळे दालन किंवा पूर्ण स्वतंत्र केंद्र, ह्यांपैकी नमुना कोणताही असो, स्त्रीची नित्याची सर्व सेवा, स्त्रीविशिष्ट सेवेसह, एकाच नियुक्त वैद्याने एकाच ठिकाणी दिली पाहिजे. अशा वैद्यांच्या प्रशिक्षणाचे वर्ग २००८ पासून सुरू झाले होते. १९४६ च्या शिक्षणात जे राहून गेले ते साठ वर्षांनी अल्प मुदतीच्या वर्गांनी भरून काढण्याचा हा प्रयत्न होता.

अभिप्राय हे ऐतिहासिक साधन म्हणून वापरताना काही सावधगिरी बाळगावी लागते. स्त्रियांची लैंगिक अत्याचारांविषयीची विचारपूस ह्या रुग्णालयांत एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून सरसकट होऊ लागली, आणि आरंभीच्या वर्षांतच पाचांपैकी एकीहून अधिक स्त्रियांनी होकार दिला. जिच्यावर वरिष्ठाने किंवा सहकाऱ्याने अत्याचार केला तिला पुरुषांनी भरलेली प्रतीक्षाशाला कशी भासेल, हे सांगावयास नको. तिला प्रत्येक नव्या डॉक्टरपुढे पूर्ववृत्त पुन्हा उलगडावे लागते. इतरांना जी केवळ गैरसोय, ती तिला यातना होते. साहजिकच तिचा अभिप्राय अधिक प्रतिकूल असतो. काही समीक्षक ह्यावरून असे सुचवितात की, प्रतिकूल मत हे आजाराचे लक्षण आहे, सेवेचे मोजमाप नव्हे. हा युक्तिवाद स्वीकारार्ह वाटत नाही. ज्या व्यक्तीला जखम आहे तिलाच पट्टी कोठे काचते हे कळते. तिचे मत वजा केल्यावर उरणारा आकडा रुग्णालयाला सुखकर असेल, खरा असणार नाही. दुसरी अडचण उलट बाजूची आहे. पाहणी बहुधा जे येतात त्यांची होते. एकदा येऊन पुन्हा न फिरकलेल्या स्त्रियांचा शोध घेणारे संशोधन त्या मानाने उशिरा, २०१० नंतर, पुढे आले. म्हणजे नोंदलेला अभिप्राय हा सोसून टिकलेल्यांचा आहे, आणि त्यात प्रतिकूल मताचे प्रमाण प्रत्यक्षाहून कमीच दिसण्याचा संभव आहे.

दरम्यान संख्येचे जुने गणित बदलत होते. २००० साली ह्या सेवेचा लाभ घेणाऱ्या माजी सैनिक स्त्रिया सुमारे १,६०,००० होत्या. २०१५ मध्ये त्या सुमारे ४,४०,००० झाल्या. इमारती मात्र तितक्या त्वरेने बदलल्या नाहीत: तपासणीचे मेज दाराकडे तोंड करून ठेवलेले असते, किंवा तपासणीच्या खोलीला लागून प्रसाधनगृह नसते, असे हिशेब-तपासणाऱ्यांना २००९ मध्येही आढळले. तरीही एका छपराखाली एकसंध सेवा देण्याचे धोरण मूळ धरू लागले होते. नेमक्या त्याच वेळी वारे दुसऱ्या दिशेने वाहू लागले.

२०१४ मध्ये फीनिक्स येथील प्रतीक्षायाद्यांचे प्रकरण उघडकीस आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये काँग्रेसने नवा कायदा केला. रुग्णालय चाळीस मैलांहून दूर असेल किंवा तीस दिवसांत वेळ मिळत नसेल, तर माजी सैनिकाने सरकारी खर्चाने खाजगी डॉक्टरकडे जावे, अशी त्यात तरतूद होती. २०१८ च्या कायद्याने ही वाट आणखी रुंद केली. जून २०१९ पासून अंतराऐवजी प्रवासाचा वेळ मोजला जाऊ लागला, प्राथमिक सेवेसाठी तीस मिनिटे आणि तज्ज्ञसेवेसाठी साठ. दोन्ही कायदे करताना डोळ्यांपुढे वाट पाहणारा पुरुष रोगी होता. परिणाम मात्र स्त्रियांवर अधिक झाला. प्रसूती पूर्णपणे बाहेर, पुष्कळ ठिकाणी स्तनांचे क्षकिरण-परीक्षण बाहेर, वंध्यत्वावरील उपचार बाहेर. त्यामुळे पुरुषांपेक्षा स्त्रिया बाहेरच्या सेवेवर अधिक विसंबून होत्या. माजी सैनिक रुग्णालयांची संगणकीय नोंदपत्रिका हे त्यांचे भूषण होते: देशाच्या एका टोकास केलेली चाचणी दुसऱ्या टोकास दिसे. बाहेरचा डॉक्टर त्या पत्रिकेत लिहू शकत नव्हता. त्याचा अहवाल टपालाने किंवा फॅक्सने येई, उशिरा येई, आणि आला तरी चित्ररूपाने कोठेतरी चिकटविला जाई. औषधांच्या दोन याद्या जुळत नसत, आणि गर्भाला अपायकारक अशा औषधांच्या बाबतीत ही विसंगती किती गंभीर, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. शिवाय सरकारने भरावयाची बिले स्त्रियांच्या घरी येऊ लागली, आणि वसुली करणाऱ्यांचे तगादेही मागोमाग आले. नव्या कायद्याखालील अनुभवांविषयी स्त्रियांच्या ज्या मुलाखती घेण्यात आल्या, त्यांत डॉक्टरच्या कौशल्याविषयी तक्रार त्या मानाने कमी आहे. भेटीची वेळ कोणी ठरवावयाची, कागद कोणी पाठवावयाचा, पैसे कोणी द्यावयाचे, ह्याविषयी ती पुष्कळ आहे. प्रवेश सुलभ झाला आणि सातत्य तुटले. ह्या दोहोंपैकी एक पत्करताना दुसरे काही प्रमाणात गमवावे लागते, ही गोष्ट कायद्याच्या चर्चेत फारशी स्पष्टपणे मांडली गेली नव्हती.

जानेवारी २०२१ मध्ये स्वाक्षरी झालेल्या व्यापक कायद्यातील एका भागाला डेबोरा सॅम्प्सनचे नाव देण्यात आले. त्यान्वये केंद्रस्थानी स्त्री-आरोग्याचे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले आणि इमारतींतील खाजगीपणासाठी तरतूद झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील दुसऱ्या कायद्याने प्रसूतिविषयक समन्वयावर भर दिला. ‘समन्वयक’ हे पद २०१२ च्या प्रसूतिसेवेच्या नियमपुस्तिकेतच आले होते. दोन तुकड्यांच्या मधल्या जागेसाठी वेतन देऊन माणूस नेमण्याचा हा ह्या इतिहासातील पहिल्या प्रयत्नांपैकी एक होय, आणि त्याचे महत्त्व मोठमोठ्या कायद्यांहून कमी मानता येणार नाही. बाळंतपण बाहेरच्या रुग्णालयात होते. समन्वयक, बहुधा एखादी परिचारिका, ठराविक अंतराने दूरध्वनी करून स्त्रीची विचारपूस करते, औषधांची यादी पाहते, मनःस्वास्थ्याविषयी चौकशी करते. पूर्वी हा संपर्क प्रसूतीनंतर आठ आठवड्यांनी थांबत असे. ऑक्टोबर २०२३ पासून ती मुदत बारा महिन्यांवर नेण्यात आली. ह्या काळात बाहेरच्या रुग्णालयातील कागद मूळ नोंदपत्रिकेत यावयाचे असतात, आणि ते आले नाहीत तर त्यांची मागणी करणे हेही आता तिच्याच कामात मोडते.